तुम्ही विचारलंत म्हणून: ‘विमानात बसू का?’

विमान कुठेही पडो, दोन तासांत प्रश्न सुरू होतात. ‘विमानप्रवास खरंच सुरक्षित आहे का?’ ‘मुलगी पुढच्या आठवड्यात निघाली आहे, जाऊ देऊ ना?’ ‘बोईंग टाळू का?’ जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. वाचलेला एकुलता एक प्रवासी ११ए या सीटवर होता हे कळलं आणि प्रश्न झाला, ‘११ए मिळते का बघू?’

विचारणाऱ्यांचा मला राग नाही. राग आहे तो मी इतकी वर्षं देत आलेल्या उत्तराचा. ते एका वाक्याचं होतं, त्यात एक आकडा होता, आणि तो आकडा आजही खरा आहे. तरी ते उत्तर मला आता जसंच्या तसं देववत नाही. का, ते एकदाच सगळं लिहिते.

आधी सीटचा विषय संपवते. ११ए हा नुसता क्रमांक आहे. एका विमानात ती ओळ आणीबाणीच्या दाराशी असते, दुसऱ्यात पंखावर, आणि एकाच प्रकारच्या विमानात दोन कंपन्या ओळींचे क्रमांक वेगवेगळे लावतात. कोण वाचतं हे विमान कुठल्या कोनात आपटलं, कुठून मोडलं, इंधन कुठे सांडलं आणि कुठे पेटलं यावर ठरतं. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर पडलं, ५२० जण गेले, चौघीजणी वाचल्या आणि चौघीही मागच्या भागात बसलेल्या होत्या. अहमदाबादला वाचलेला माणूस पुढच्या अर्ध्या भागातला. यातून काय निवडणार?

निवडायचंच असेल तर दार निवडा. बसल्यावर पुढचं आणि मागचं दार आपल्यापासून किती ओळींवर आहे ते मोजा, कारण केबिनमध्ये धूर भरला की दिसत काही नाही, सीटच्या पाठी हाताने चाचपत जावं लागतं. पट्टा पोटावर नको, खाली, कंबरेच्या हाडांवर घट्ट. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी बूट पायातच असू द्यात. प्राणवायूचे मास्क खाली आले तर आधी स्वतःला, मग मुलाला, कारण ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्धीत राहून काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं, आणि मुलाचा मास्क सारखा करता करता आईच बेशुद्ध पडली तर दोघंही अडकतात. लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही. १९९६ मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले कित्येक प्रवासी पाणी चढल्यावर छताशी जाऊन अडकले. दाराकडे जायला बुडी मारावी लागते आणि फुगलेलं जॅकेट बुडू देत नाही. आणि बॅग. बॅग घ्यायची नाही म्हणजे नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. घोषणा करायची यंत्रणा बंद पडली होती, आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर पडले. ज्या छोट्या तटरक्षक विमानाला ते धडकलं त्यातल्या सहापैकी पाच जणांचा मात्र जीव गेला. त्या ३७९ जणांमध्ये जवळजवळ कोणी वरच्या कप्प्यातल्या सामानाला हात लावला नाही, याला मी नशीब म्हणणार नाही.

एवढं तुमच्या हातात आहे. बाकीचं ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याबद्दलच खरं तर तुम्ही विचारत असता.

आता तो आकडा. एमआयटीतले अर्नोल्ड बार्नेट अनेक वर्षं हा हिशोब मांडत आले आहेत. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत जगभरात, एका प्रवाशाने एकदा विमानात चढण्यामागे मृत्यूची शक्यता १ कोटी ३७ लाखांत एक. १९६८ ते १९७७ मध्ये हीच शक्यता साडेतीन लाखांत एक होती. दुसऱ्या बाजूला रस्ते: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मरतात. आणि भीतीची किंमतही मोजता येते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमान सोडून गाडी धरली, आणि त्यापुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी गेले असा अंदाज गेर्ड गिगरेन्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडला. ही माणसं कुठल्याही स्मारकावर नाहीत.

हे सगळं खरं आहे, आणि हेच मी सांगत असे. सांगताना आवाजात थोडी फुशारकीही असायची, की बघा, तुम्ही घाबरता आणि मी हिशोब करते. मग २०१८ चा ऑक्टोबर आला.

२९ ऑक्टोबर २०१८ ला सकाळी जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं ६१० क्रमांकाचं विमान बारा-तेरा मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. १८९ जण होते, कोणी वाचलं नाही. विमान बोईंग ७३७ मॅक्स, जेमतेम तीन महिने वापरलेलं. प्रश्न आले आणि मी उत्तर दिलं: एक अपघात म्हणजे कल नव्हे. थोडं खोदून विचारलं कोणी, तर पुढे जोडलं: आदल्या दिवशीही याच विमानात बिघाड होता, देखभाल ढिसाळ दिसते, पायलटांनी ठरलेली चेकलिस्ट वापरायला हवी होती. कंपनी, देश, देखभाल, पायलट. खापर फोडायला माथी हवी तेवढी होती.

या उत्तरातला एकेक शब्द कागदोपत्री खरा होता, म्हणून तर ते इतकं खुपतं.

नेमकं झालं काय होतं ते सांगायलाच हवं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कॉकपिटच्या खिडक्यांखाली, हाताच्या पंजाएवढं एकेक पातं असतं. हवा कुठल्या कोनातून येते आहे तसं ते फिरतं. तो कोन फार वाढला तर पंखावरची हवा सुटते आणि विमान गळपटतं, म्हणून तो कोन सतत मोजायचा. मॅक्सची इंजिनं जुन्या ७३७ च्या इंजिनांपेक्षा मोठी, आणि पंखाखाली मावेनात म्हणून पुढे आणि वर सरकवलेली. त्यामुळे काही ठरावीक अवस्थांत नाक जरा सहज वर जाऊ लागलं. पायलटच्या हाताला हे विमान जुन्यासारखंच लागावं म्हणून संगणकात एक व्यवस्था घातली. तिचं नाव एमकॅस. कोन जास्त वाटला की ती शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली आणायची. सुरुवातीच्या आराखड्यात एका वेळी ०.६ अंश, उड्डाणचाचण्यांनंतर २.५ अंश. पायलटने अंगठ्याच्या बटणाने तो पंख उलट फिरवला (याला ट्रिम म्हणतात) की ती थांबायची, पाच सेकंद वाट बघायची, आणि कोन अजून जास्त ‘दिसत’ असेल तर पुन्हा सुरू.

आणि ती विचारायची कोणाला? दोनपैकी एकाच पात्याला.

त्या विमानाचं डावीकडचं पातं नुकतंच बदललेलं होतं. बसवलेला सेन्सर दुरुस्त होऊन आलेला, आणि तो २१ अंशांनी चुकीचं सांगत होता. दुरुस्तीत ते पकडलं गेलं नाही. बसवल्यावर करायच्या चाचणीची भरवशाची नोंद नाही. दोन पात्यांमध्ये फरक पडला तर कॉकपिटमध्ये इशारा दिसायला हवा, पण एका सॉफ्टवेअर चुकीमुळे तो इशारा फक्त जास्तीचा पर्याय विकत घेतलेल्या विमानांत चालायचा. बोईंगला हे २०१७ पासून माहीत होतं. आदल्या रात्री बालीतल्या देनपसारहून जकार्ताच्या उड्डाणात हेच घडलं होतं. त्या वेळी कॉकपिटमध्ये योगायोगाने तिसरा पायलट बसलेला होता. ट्रिमची वीज तोडायचे दोन स्विच बंद केले गेले, पुढचा सगळा प्रवास हाताने ट्रिम व्हील फिरवत झाला, विमान पोचलं. पण उतरल्यावर टेक लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांच्या वहीत, वेग आणि उंचीच्या इशाऱ्यांची नोंद झाली. हातातला कंट्रोल कॉलम सगळा प्रवास थरथरत होता, ट्रिम आपोआप फिरत होतं, स्विच बंद करावे लागले, यातलं काहीच त्या पानावर आलं नाही. सकाळच्या पायलटांना जे पान मिळालं त्यात गोष्टीचा गाभाच नव्हता.

सकाळी कॅप्टनने वीसहून जास्त वेळा नाक वर आणलं. एमकॅस खाली नेई, तो वर आणी. मग चेकलिस्ट शोधायची म्हणून की काय, त्याने नियंत्रण शेजारच्याकडे दिलं. त्याने बटण दाबलं, पण थोडं थोडं, पुरेसं नाही. शेवटी कॉलम मागे ओढायला शंभर पौंडांहून जास्त, म्हणजे ४५ किलोंच्या वर जोर लागत होता. एमकॅस हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. पायलटांच्या पुस्तिकेत तो नव्हताच. जुन्या ७३७ वरून मॅक्सवर यायला सिम्युलेटरची गरज नाही, टॅबलेटवरचा छोटा अभ्यास पुरे, हे बोईंगचं विक्रीचं मोठं वचन होतं. एका मोठ्या ग्राहक कंपनीला तर सिम्युलेटर लागलाच तर दर विमानामागे १० लाख डॉलर सूट द्यायचं कबूल केलेलं होतं. पायलट चार सेकंदांत बिघाड ओळखून तो आवरेल असं कागदावर गृहीत धरलेलं होतं. हात थरथरवणारा कॉलम, वेग चुकीचा असल्याचा इशारा, उंची चुकीची असल्याचा इशारा, आणि त्यात चार सेकंद.

तुम्ही म्हणाल, हे सगळं नंतर कळलं, तेव्हा कोणाला माहीत होतं? मीही स्वतःला बरेच दिवस असंच सांगितलं. पण ७ नोव्हेंबर २०१८ ला अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तातडीचा आदेश काढला होता. त्यात सरळ लिहिलं होतं की एकाच सेन्सरकडून चुकीचा मोठा कोन आला तर नाक खाली नेणाऱ्या आज्ञा पुन्हा पुन्हा सुटू शकतात. एमकॅसचं नाव त्यात नव्हतं, पण ‘एकाच’ हा शब्द होता. विमानाच्या बाबतीत शिकण्याची पहिली गोष्ट हीच, की जीव ज्याच्यावर टांगलेला आहे ते एकाच धाग्यावर टांगायचं नाही. इंजिनं दोन, हायड्रॉलिक्सच्या यंत्रणा एकाहून जास्त, वेग मोजायच्या नळ्या एकाहून जास्त, पायलट दोन. तो शब्द वाचल्यावर माझं ‘एक अपघात म्हणजे कल नव्हे’ तिथेच थांबायला हवं होतं. थांबलं नाही. मी तो आदेश पायलटांना दिलेली सूचना म्हणून वाचला. विमानाचा आराखडाच त्यात दोष कबूल करतो आहे, हे मला दिसलं नाही.

आणि एफएएच्या आत काय चाललं होतं? डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्याच विश्लेषणात उत्तर आलं होतं की दुरुस्ती केली नाही तर या विमानांच्या सगळ्या आयुष्यात पंधरापर्यंत प्राणघातक अपघात होऊ शकतात. म्हणजे साधारण दर तीन वर्षांना एक. ते कागद लोकांसमोर यायला वर्ष गेलं. विमानं उडत राहिली. सॉफ्टवेअर बदलण्याचं काम चालू आहे, तोवर पायलटांना सूचना दिली आहे, एवढ्यावर भागवलं.

१० मार्च २०१९ ला आदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ३०२ क्रमांकाचं विमान सहा मिनिटांत कोसळलं. १५७ जण. पुन्हा मॅक्स, पुन्हा डावं पातं. या वेळी ते एकदम ७४ अंशांच्या पुढे गेलं. आणि इथे माझ्या जुन्या उत्तराचा शेवटचा आधारही निसटला, कारण या पायलटांना नोव्हेंबरची सूचना मिळालेली होती आणि त्यांनी ते दोन स्विच बंद केले होते. सूचनेत लिहिलेलं केलं होतं. पण इंजिनांचा टेकऑफचा जोर तसाच राहिला होता, वेग मर्यादेच्या पुढे गेला होता, आणि वेग वाढला की शेपटीवरचा हवेचा भार त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर भार चौपट. शिवाय कॉलम मागे ओढून धरला की तो भार आणखी वाढतो. ट्रिम व्हील हाताने फिरेना. जुन्या ७३७ च्या पुस्तिकांत यावर एक युक्ती होती: कॉलम क्षणभर सोडायचा, नाक आणखी खाली जाऊ द्यायचं, भार हलका होतो तेवढ्यात चाक फिरवायचं, मग पुन्हा ओढायचं. ती युक्ती पुढच्या पुस्तिकांतून गेली होती. असती तरी आदिस अबाबाचा विमानतळच समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरवर आहे आणि विमान जमिनीपासून फार वर नव्हतं, सोडून द्यायला उंचीच नव्हती. नोंदींवरून दिसतं की शेवटी विजेचं ट्रिम मिळावं म्हणून स्विच पुन्हा चालू झाले. त्याबरोबर एमकॅसही चालू झालं.

कॅप्टनकडे ८,००० तासांहून जास्त अनुभव होता.

आता लोकांच्या प्रतिक्रियेबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच आहे. त्या तीन दिवसांत सामान्य प्रवासी तिकिटावर विमानाचा प्रकार शोधत होते, बुकिंग रद्द करत होते. ११ मार्चला चीनने मॅक्स जमिनीवर ठेवली, १२ ला युरोपने, भारतानेही त्याच दिवशी निर्णय घेतला. १२ मार्चला एफएए अजून म्हणत होतं की विमानं थांबवायला आधार नाही. १३ ला तेही थांबले. म्हणजे घाबरलेला प्रवासी बरोबर ठरला आणि आकडे हाताशी असलेले चुकले. ‘लोकांना विमानाची भीती विनाकारण वाटते’ हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! त्या भीतीत कारण होतं. फक्त ते तिला नीट मांडता येत नव्हतं.

आणि तरीही. वर दिलेला बार्नेट यांचा आकडा, १ कोटी ३७ लाखांत एक, हा २०१८ ते २०२२ चा आहे. त्यात हे ३४६ मृत्यू मोजलेले आहेत. त्यांना धरूनही शक्यता तेवढीच येते. तेव्हा माझी जुनी मी उठून म्हणते, बघ, मी बरोबरच होते. तिला काय उत्तर द्यावं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ती सरासरीबद्दल बोलते आणि सरासरीबद्दल ती खरी आहे. पण तुम्ही मला सरासरी विचारली नव्हती. तुम्ही विचारलं होतं, या विमानात बसू का, आणि नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०१९ या चार महिन्यांत ‘या’ शब्दाला अर्थ होता. सरासरी मागच्या काळाबद्दल असते. नवा दोष सरासरीत शिरायला अपघात व्हावा लागतो.

मॅक्स वीस महिने जमिनीवर राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा एमकॅस दोन्ही पात्यांना विचारू लागलं होतं. दोघांत साडेपाच अंशांहून जास्त फरक आला तर ते स्वतःहून बंद होतं, एका प्रसंगात एकदाच चालतं, आणि पायलटच्या हाताला ते कायम आवरता येतं. सिम्युलेटरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. यातली एकही गोष्ट २०१७ मध्ये अशक्य नव्हती.

म्हणून अहमदाबादनंतर जे चाललं ते मला बघवत नव्हतं, आणि याही बाबतीत माझं स्वतःशी भांडण आहे. पहिल्या संध्याकाळीच निदानं सुरू झाली: फ्लॅप (टेकऑफला पंखामागून बाहेर काढायच्या पट्ट्या) लावलेच नव्हते, वजन जास्त होतं, पक्षी धडकले, इंधन भेसळीचं होतं. महिन्याने, १२ जुलै २०२५ ला, प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा बरोबर जागी होता. वजन मर्यादेत होतं. आसपास पक्ष्यांची लक्षणीय हालचाल नव्हती. इंधन भरणाऱ्या टँकरमधले नमुने ठीक निघाले. एका महिन्यात चार निदानं गेली, आणि ती करणाऱ्यांपैकी कोणी मागे घेतल्याचं मला दिसलं नाही.

त्याच अहवालात होतं की चाकं जमिनीवरून उठल्यानंतर तीनेक सेकंदांनी दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले, एकामागून एक, साधारण एका सेकंदाच्या फरकाने. एका पायलटने दुसऱ्याला विचारलं, का बंद केलंस. दुसरा म्हणाला, मी केलं नाही. दहाएक सेकंदांत स्विच परत चालू झाले, इंजिनं पुन्हा पेट घेऊ लागली. पण जेट इंजिन बंद होऊन पुन्हा पूर्ण जोर धरायला जो वेळ लागतो तो त्या उंचीवर नव्हता. जमीन सोडल्यापासून नोंद थांबेपर्यंत सगळं मिळून ३२ सेकंद. बस. त्यावर पुन्हा सगळ्यांनी निकाल दिला. तो स्विच नुसता ढकलून हलत नाही, वर उचलून खाचेवरून न्यावा लागतो, हे एका बाजूने सांगितलं गेलं. एफएएने २०१८ मध्ये काही स्विचच्या त्या खाचेच्या अडसराबद्दल सक्ती नसलेली सूचना काढली होती, हे दुसऱ्या बाजूने. दोन्ही खरं आहे. आणि दोन्हींतून मिळून निकाल लागत नाही.

‘पायलटची चूक’ हे शब्द मी आता उत्तर म्हणून स्वीकारत नाही. लायन एअरच्या वेळी तेच शब्द वापरून मी बाजूला झाले होते. चूक असेल तर ती का शक्य झाली, तिला कोणी अडवायचं होतं, ते का अडवलं नाही, हे पुढचे प्रश्न. आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. पण मग तपास पुरा होईपर्यंत गप्प बसा, असंही मला लोकांना म्हणवत नाही. मार्च २०१९ मध्ये लोक गप्प बसले असते तर? त्या वेळी आरडाओरडा बरोबर होता, जून २०२५ मध्ये बराचसा चुकीचा होता, आणि पहिल्या दिवशी दोन्हींचा आवाज सारखाच होता. फरक ओळखायची खूण मला एकच सापडली आहे, आणि तीही पुरेशी आहे असं मी म्हणत नाही: त्याच प्रकारच्या बाकीच्या विमानांबद्दल काही करा असा आदेश निघाला आहे का, आणि त्यात कुठे ‘एकाच’ असं काही लिहिलं आहे का. तो आदेश जाहीर असतो. वाचा.

राहिला प्रश्न मुलीचा. जाऊ द्या तिला. हलकं सामान, पायात बूट, पट्टा कंबरेवर, दारापर्यंतच्या ओळी मोजलेल्या. हे मी पूर्ण विश्वासाने सांगते आहे. नोव्हेंबर २०१८ मध्येही मी ‘जाऊ द्या’ असंच सांगितलं होतं, इतक्याच विश्वासाने.